एलियास बदलला, तरी मेल जुन्याच खजिनदारांना: पोस्टफिक्सवरचा दरवर्षीचा घोळ

दरवर्षी आमच्या संस्थेची वार्षिक सर्वसाधारण सभा होते, कार्यकारिणी बदलते, आणि आठवड्याभरात मला फोन येतो: "अहो, बँकेचे मेल अजून जुन्या खजिनदारांनाच जातायत." मी या छोट्या संस्थेचा मेल सर्व्हर सांभाळतो. सुरुवात हौसेनं केली, आता सुटका नाही म्हणून करतो. जुने खजिनदार इतके सज्जन की चुकून आलेल्या प्रत्येक मेलची प्रिंट काढून कार्यालयात आणून द्यायचे. त्यामुळे संस्थेचं काही अडलं नाही, पण माझी लाज निघायची.

सर्व्हर साधाच आहे. डेबियन ही लिनक्स प्रणाली, त्यावर पोस्टफिक्स हा मेल स्वीकारून पुढे पाठवणारा प्रोग्रॅम. मेलबॉक्स कुणालाच नाही. अध्यक्ष, सचिव, खजिनदार, ग्रंथपाल असे पत्ते आहेत आणि त्यांवर आलेला मेल त्या-त्या व्यक्तीच्या खासगी जीमेलवर पुढे पाठवला जातो. अशी व्यवस्था असलेल्या शाळा, मंडळं, गृहनिर्माण संस्था कितीतरी असतील, म्हणून हे सविस्तर लिहितोय. कमांड, फाइली आणि सेटिंगची नावं उच्चाराप्रमाणे देवनागरीत दिली आहेत, टर्मिनलवर ती अर्थातच रोमन अक्षरांत टाइप करायची. डोमेन म्हणून एक्झाम्पल.ऑर्ग धरलंय.

न्यूएलियासेस चालवलं, तरी फरक नाही

पहिल्या वर्षी मी सगळे करतात तेच केलं. /ईटीसी/एलियासेस ही फाइल, म्हणजे कुठल्या नावाचा (एलियासचा) मेल कुठल्या पत्त्यावर पाठवायचा याची यादी, उघडली, खजिनदार या नावापुढचा पत्ता बदलला, न्यूएलियासेस ही कमांड चालवली आणि झोपलो. दुसऱ्या दिवशी प्रिंट घेऊन जुने खजिनदार हजर.

आधी वाटलं, डेटाबेस तयार झाला नसेल. पोस्टफिक्स ती मजकुराची फाइल थेट वाचत नाही, तिच्यावरून तयार झालेली डीबी फाइल वाचतो. मूळ फाइल बदलून न्यूएलियासेस चालवायचं विसरलात, तर लॉगमध्ये, म्हणजे सर्व्हरच्या नोंदवहीत, डेटाबेस मूळ फाइलपेक्षा जुना असल्याची ताकीद येते. ती नव्हती. मग डेटाबेसलाच विचारलं:

पोस्टएलियास -क्यू खजिनदार हॅश:/ईटीसी/एलियासेस

उत्तर आलं नवा पत्ता. म्हणजे फाइल बरोबर, डेटाबेस बरोबर, आणि मेल मात्र जुन्यांकडे. इथं मी तासभर तीच फाइल पुन्हा पुन्हा उघडून बघत बसलो. तुम्ही तसं करू नका. लॉग उघडा. डेबियन १२ पासून व्हार-लॉगमधली मेल.लॉग फाइल आपोआप मिळत नाही, कारण ती लिहिणारं आरसिसलॉग मुळात बसवलेलं नसतं. तिथं नोंदी दाखवणारी जर्नलसीटीएल ही कमांड वापरा.

माझ्या लॉगमधली कामाची ओळ अशी होती:

टू=<जुन्यांचा जीमेल पत्ता>, ओरिग_टू=<खजिनदार@एक्झाम्पल.ऑर्ग>, रिले=जीमेलचा सर्व्हर, स्टेटस=सेंट

ओरिग_टू म्हणजे मेल मुळात ज्या पत्त्यावर आला तो. टू म्हणजे आपल्या सर्व्हरनं बदलून केलेला. रिले म्हणजे मेल पुढे कुणाच्या हाती दिला ते. पण खरी खूण या ओळीत काय नाही, ती आहे. मेल एलियासेस फाइलमधून गेला असता तर याआधी आणखी एक ओळ दिसली असती: रिले=लोकल, आणि शेवटी "फॉरवर्डेड अ‍ॅज" म्हणून नवा रांगक्रमांक. मग त्या नव्या क्रमांकाखाली जीमेलची ओळ. माझ्याकडे लोकल कुठंच नव्हतं. म्हणजे एलियासेस फाइलपर्यंत हा मेल पोचलाच नव्हता. त्याचा पत्ता त्याआधीच कुणीतरी बदलला होता.

हे समजलं की अर्ध्याहून जास्त घोळ सुटतात. पोस्टफिक्समध्ये पत्ता बदलण्याच्या जागा एकाहून जास्त आहेत आणि त्या एकाच वेळी बघितल्या जात नाहीत. मेल आत येताना क्लीनअप नावाचा प्रोग्रॅम तो रांगेत ठेवतो, आणि ठेवतानाच व्हर्च्युअल_एलियास_मॅप्स या सेटिंगमधली टेबलं बघतो. ही टेबलं सगळ्या मेलना लागू होतात, मग डोमेन कुठलंही असो. एलियासेस फाइल बघतो तो लोकल नावाचा प्रोग्रॅम, अगदी शेवटी, आणि तोही डोमेन मायडेस्टिनेशनच्या, म्हणजे हा सर्व्हर ज्या डोमेनचे मेल स्वतःचे मानतो त्यांच्या, यादीत असेल तरच. त्याच्याही नंतर येते प्रत्येक युजरच्या घरातली (होम फोल्डरमधली) डॉट-फॉरवर्ड फाइल, त्याचा मेल कुठं पाठवायचा ते सांगणारी. म्हणजे एकच नाव दोन्हीकडे असेल तर व्हर्च्युअल जिंकतं आणि एलियासेसला पत्ताही लागत नाही.

पोस्टकॉन्फ -एन चालवून व्हर्च्युअल_एलियास_मॅप्स कुठल्या फाइलकडे बोट दाखवतंय ते बघितलं. /ईटीसी/पोस्टफिक्स/व्हर्च्युअल. तिथं माझ्याआधी सर्व्हर सांभाळणाऱ्यानं कधीतरी खजिनदाराची ओळ टाकून ठेवली होती. फक्त खजिनदाराची. अध्यक्ष आणि सचिव एलियासेसमध्ये. म्हणून बाकीचे पत्ते दरवर्षी मुकाट्यानं बदलायचे आणि खजिनदार अडून बसायचा.

आता यात आणखी एक मेख. पुढच्या वर्षी मी व्हर्च्युअल फाइल बदलली आणि सवयीनं न्यूएलियासेस चालवलं. काहीच झालं नाही. न्यूएलियासेस फक्त एलियास_डेटाबेस या सेटिंगमध्ये लिहिलेल्या फाइलींचे डेटाबेस बनवतं. व्हर्च्युअल त्यात नसते, तिला वेगळं सांगावं लागतं:

पोस्टमॅप /ईटीसी/पोस्टफिक्स/व्हर्च्युअल

हा दुहेरी कारभार इतिहासातून आलाय. न्यूएलियासेस ही कमांड आणि एलियासेस फाइलची मांडणी एरिक ऑलमनच्या सेंडमेल या जुन्या मेल प्रोग्रॅमच्या जमान्यातली. वीत्से व्हेनेमांनी आयबीएममध्ये असताना पोस्टफिक्स लिहिला आणि १९९८ साली तो बाहेर आला, तेव्हा सेंडमेलवाल्यांचे हात अडखळू नयेत म्हणून या जुन्या कमांडी तशाच ठेवल्या. व्हर्च्युअल वगैरे टेबलं पोस्टमॅपच्या ताब्यात गेली. दोन फाइलींची लिहिण्याची पद्धतही वेगळी आहे. एलियासेसमध्ये नावापुढं विसर्गासारखा कोलन हवा आणि डावीकडं डोमेन नको. व्हर्च्युअलमध्ये कोलन नको, नुसती जागा सोडायची, आणि डावीकडं शक्यतो पूर्ण पत्ता लिहायचा. एका फाइलीतून दुसरीत ओळ चिकटवली की हमखास चुकतं. चुकलं तर पोस्टमॅप ताकीद देतं, पण ती वाचायला आपण थांबतो कुठं.

ओळीच्या सुरुवातीला चुकून एक स्पेस पडली तर ती ओळ स्वतंत्र धरली जात नाही, मागच्या ओळीचा उरलेला भाग म्हणून धरली जाते. वर्डमधल्या यादीतून पत्ते चिकटवले तेव्हा आमचे सहसचिव असे सचिवांच्या पोटात गेले होते.

डेटाबेस बदलल्यावर पोस्टफिक्स रीलोड करायची गरज नसते, हॅश टेबल (वरची डीबी फाइल) बदललेलं त्याचं त्याला कळतं. रीलोड लागतं ते मेन.सीएफ ही मुख्य सेटिंगची फाइल बदलली तर.

बाहेरचे मेल येतात, वेबसाइटचे येत नाहीत

ही तक्रार वेगळी, पण मूळ तेच. आमची वेबसाइट दुसऱ्या मशीनवर आहे. तिथल्या संपर्क फॉर्मवरून सचिवांना जाणारा मेल "युजर अननोन इन लोकल रेसिपियंट टेबल" म्हणून परत यायचा, आणि तेव्हाच कुणीही जीमेलवरून सचिवांना लिहिलं तर व्यवस्थित पोचायचा.

वेबसाइटच्या मशीनवरही पोस्टफिक्स होता. डेबियनवर तो बसवताना मेलचं नाव विचारतात. तिथं एक्झाम्पल.ऑर्ग असं लिहिलं की ते डोमेन आपोआप मायडेस्टिनेशनमध्ये जातं. मग त्या मशीनची समजूत होते की या डोमेनचा मालक मीच. ते एमएक्स नोंद (डोमेनचा मेल कुठल्या सर्व्हरकडे जातो ते सांगणारी) बघायला बाहेर जातच नाही, स्वतःच्या घरात सचिव नावाचा माणूस शोधतं, आणि नाही म्हणून सांगतं.

उपाय: वेबसाइटच्या मशीनवर पोस्टकॉन्फ मायडेस्टिनेशन चालवा, संस्थेचं डोमेन त्यातून काढा, रीलोड करा. मशीनचं स्वतःचं नाव आणि लोकलहोस्ट राहू द्या. उत्साहाच्या भरात हाच बदल खऱ्या मेल सर्व्हरवर मात्र करू नका. तिथून डोमेन काढलंत आणि एमएक्स त्याच मशीनकडे असेल, तर त्या सर्व्हरवरून पाठवलेल्या मेलला "लूप्स बॅक टू मायसेल्फ" असा बाउन्स (मेल पोचला नाही असं सांगणारा उलटा मेल) मिळतो. आणि डोमेन मायडेस्टिनेशन आणि व्हर्च्युअल_एलियास_डोमेन्स (फक्त व्हर्च्युअल टेबलांवर चालणाऱ्या डोमेनची यादी) अशा दोन्ही याद्यांत टाकू नका. पोस्टफिक्स लॉगमध्ये तसं स्पष्ट शब्दांत बजावतो, तरी लोक टाकतात.

कधी पोचतो, कधी पोचत नाही

सगळ्यात डोकं खाल्लं ते याच भागानं, कारण इथं आपल्या सर्व्हरवर सगळं बरोबरच असतं. सदस्यांचे मेल खजिनदारांना मिळतात. एका विक्रेत्याची बिलं मिळत नाहीत. लॉग म्हणतो, जीमेलनं ५५० ५.७.२६, म्हणजे प्रेषकाची खात्री पटत नाही, असा कोड देऊन नाकारलं.

कारण असं. आपला सर्व्हर मेल पुढं ढकलतो तेव्हा लिफाफ्यावरचा प्रेषक (सर्व्हर एकमेकांना सांगतात तो परतीचा पत्ता, मेलच्या आतलं फ्रॉम वेगळं) मूळचाच राहतो, म्हणजे तो विक्रेता. जीमेलला मात्र मेल येतो आपल्या आयपीवरून. त्या विक्रेत्याच्या एसपीएफ नोंदीत, म्हणजे त्याच्या डोमेनचा मेल कुठल्या आयपींवरून येऊ शकतो त्या यादीत, आपला आयपी असणार कसा? एसपीएफ नापास. त्यानं डीकेआयएमची, म्हणजे मेल त्याच्याच डोमेनचा आणि न बदललेला असल्याची खूण असलेली, सही केली असेल आणि मजकुराला आपण हात लावला नसेल, तर सही टिकते आणि मेल आत जातो. सही नसेल तर दोन्ही आधार गेले. २०२४ च्या फेब्रुवारीपासून जीमेल एसपीएफ किंवा डीकेआयएम यांपैकी काहीतरी मागतंच. म्हणून सही करणारे पाठवतात तो पोचतो, न करणारे पाठवतात तो पडतो, आणि खजिनदारांना वाटतं सर्व्हरला मूड आहे.

यातून पहिली गोष्ट म्हणजे फॉरवर्ड होणाऱ्या मेलच्या विषयात संस्थेचं नाव घालणं, खाली "आपली संस्था, आपलं ग्रंथालय" अशी ओळ चिकटवणं तातडीनं बंद करा. त्यानं चांगली सही मोडते. आमच्याकडं एका अध्यक्षांची ही फार आवडती कल्पना होती.

दुसरी गोष्ट मला उशिरा कळली. जीमेलनं मेल नाकारला की बाउन्स कुणाला जातो? मूळ प्रेषकाला. आणि त्या बाउन्समध्ये खजिनदारांचा खासगी जीमेल पत्ता छापलेला असतो. हे कळल्यावर आमच्या एका खजिनदारबाईंनी मला चांगलंच सुनावलं, आणि त्या बरोबर होत्या.

यावर एलियासेस फाइलमध्ये एक जुना, साधा इलाज आहे, जो फारसा कुणी वापरत नाही. खजिनदार असा एलियास असेल तर त्याच फाइलीत ओनर-खजिनदार असा दुसरा टाका:

खजिनदार: नव्या खजिनदारांचा पत्ता
ओनर-खजिनदार: माझा पत्ता

असा जोडीदार सापडला की लोकल प्रोग्रॅम लिफाफ्यावरचा प्रेषक बदलून ओनर-खजिनदार करतो. मेलच्या आतलं फ्रॉम तसंच राहतं, त्यामुळे उत्तर दिलं की ते विक्रेत्यालाच जातं. पण एसपीएफ आता आपल्या डोमेनचं तपासलं जातं, ज्यात आपला आयपी आहेच. आणि बाउन्स येतो माझ्याकडे. ही सोय मुळात मेलिंग लिस्टसाठी होती, आमच्यासारख्या एकाच माणसाच्या एलियासलाही तितकीच चालते.

एक अट आहे. ओनर-खजिनदारपुढं जे डोमेन लागतं ते मायओरिजिन या सेटिंगमधून येतं, डेबियनवर ते ईटीसीमधल्या मेलनेम फाइलीत असतं. तिथं मशीनचं काहीतरी अंतर्गत नाव असेल, तर एसपीएफ त्या नावाचं तपासलं जाईल आणि पुन्हा पंचाईत.

हे व्हर्च्युअल टेबलात चालत नाही. ते काम लोकलचं, आणि व्हर्च्युअल लोकलपर्यंत जातच नाही. म्हणून माझं मत असं झालंय: एकच डोमेन असेल आणि पुढं पाठवायचं असेल, तर सगळे पत्ते एलियासेसमध्ये ठेवा आणि व्हर्च्युअल रिकामी करा. व्हर्च्युअल खरी लागते ती एका सर्व्हरवर दोन-चार डोमेन असतात आणि प्रत्येकाचा सचिव वेगळा असतो तेव्हा. तिथं पोस्टएसआरएसडी बसवा, ते प्रत्येक फॉरवर्डच्या लिफाफ्यावरचा प्रेषक आपल्या डोमेनमध्ये बदलून देतं. आता डीमार्क काय म्हणेल, असं विचाराल. डीमार्क (तपासणीत नापास मेलचं काय करायचं ते सांगणारं प्रेषकाच्या डोमेनचं धोरण) फ्रॉममधल्या डोमेनशी एसपीएफची किंवा सहीची जुळणी मागतं, त्यामुळे प्रेषकानं कडक धोरण लावलंय आणि सहीही केलेली नाही, तर आपल्या हातात काही उरत नाही. त्या विक्रेत्याला शेवटी मीच फोन करून सही चालू करायला सांगितली.

छोटे त्रास

"मी स्वतःच टेस्ट मेल पाठवला, आलाच नाही." हा फोन दर वेळी येतो. नवे खजिनदार स्वतःच्या जीमेलवरून खजिनदार@ ला मेल पाठवतात, तो फिरून त्याच जीमेलवर येतो, आणि जीमेलच्या लेखी तो मेल आधीच पाठवलेल्यांत असतो. मेसेज-आयडी एकच. म्हणून इनबॉक्समध्ये दुसरी प्रत दिसतच नाही. चाचणी नेहमी दुसऱ्याच्या पत्त्यावरून करा. घरच्यांच्या फोनवरून पाठवा, पण त्याच खात्यावरून नको.

एका सचिवांनी नोंद राहावी म्हणून आपल्या जीमेलवरचा सगळा मेल उलटा सचिव@ ला फॉरवर्ड करून ठेवला होता. लॉगमध्ये "मेल फॉरवर्डिंग लूप" दिसलं की हेच शोधा. लोकल प्रोग्रॅम मेलवर डिलिव्हर्ड-टू अशी ओळ लावतो आणि स्वतःचीच ओळ पुन्हा दिसली की मेल परत पाठवतो, म्हणून चक्र लांबत नाही.

डॉट-फॉरवर्ड चालत नसेल तर मालक आणि परवानग्या बघा. फाइल त्या युजरची किंवा रूटची हवी आणि सगळ्या जगाला लिहिता येईल अशी नको. एक प्रत घरीही ठेवायची असेल तर आपल्या नावाआधी उलटी तिरकी रेघ. आणि मेल लोकलऐवजी थेट डव्हकॉट या मेलबॉक्स सांभाळणाऱ्या प्रोग्रॅमच्या व्हर्च्युअल मेलबॉक्सकडे जात असेल, तर डॉट-फॉरवर्ड आणि एलियासेस दोन्ही बाजूला राहतात, त्यात कितीही लिहा.

आणि डोमेनवर येणारं काहीही एकाच पत्त्यावर ढकलणारी, @एक्झाम्पल.ऑर्ग अशी ओळ टाकू नका. मागितली होती आमच्याकडेही: "चुकून कुणी सचिवचं स्पेलिंग चुकवलं तर?" त्या एका ओळीनं कुठल्याही खोट्या नावाचा स्पॅम आपला सर्व्हर स्वीकारतो आणि आपल्याच आयपीवरून जीमेलवर ओततो. नंतर चांगले मेलही स्पॅममध्ये जायला लागतात. हवं तर स्पेलिंगची दोन-तीन रूपं स्वतंत्र ओळींत लिहा. पोस्टमास्टर हा पत्ता मात्र चालू हवाच, आरएफसी ५३२१ या मेलच्या नियमावलीप्रमाणे तो बंधनकारक आहे, आणि तो तुम्ही खरंच वाचता अशा माणसाकडे जायला हवा.

यंदा सभा रविवारी झाली. रात्री मी /ईटीसी/एलियासेस उघडली, दोन ओळी बदलल्या, न्यूएलियासेस चालवलं. मग ग्रेप या शोधायच्या कमांडनं जुना जीमेल पत्ता सगळ्या ईटीसीमध्ये शोधला, आणखी कुठं दडून बसलाय का म्हणून. नव्हता. बहिणीच्या खात्यावरून खजिनदारांना मेल पाठवला आणि लॉगवर नजर ठेवली. रिले=लोकल, फॉरवर्डेड अ‍ॅज, मग नवा पत्ता, सेंट. गुरुवारी मावळत्या खजिनदारांचा फोन आला. मला चार दिवसांत एकही मेल आलेला नाही, सर्व्हर बंद पडलाय का?